आल्या स्थितीची नोंद

पेन चालत नाही इथे. कागदाजवळ फक्त शिसपेन्सिल,
हा पहिला नियम. दुसरा : अंगठी काढून ठेवा.
मी काढते. बोटावर तिची फिकट रेघ राहते,
तिच्यासाठी फॉर्मात रकाना नाही.

काळा घोड्यामागची गल्ली, दुसरा मजला,
जाळीच्या दाराची लिफ्ट : चार माणसं किंवा एक खोकं.
सकाळपासून खोकीच येतायत.
वसईहून टेम्पोतून, पेंढ्यात निजवलेली,
जोआकिम तुस्कानोची भांडी.
भांडी म्हणायचं नाही, आकार म्हणायचं, असं मॅडम सांगतात.
जोआकिम स्वतः त्यांना पोरं म्हणतो.
त्यांत ना पाणी ठरत, ना भात.
एकाला तर तोंडच नाही.

आणि गिरगावातून, टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवे,
कुमुद रेग्यांचे कागद.
चौतीस वर्षं बाईंनी महापालिकेत पाण्याचे नकाशे काढले :
कुठल्या रस्त्याखालून किती इंची नळ, कुठे वळण, कुठे झडप.
निवृत्तीनंतर रस्ते गेले,
रेघा तेवढ्या घरी आल्या.

मी लिहिते.
क्र. ३. हातकागद, शिसं, चहाचं पाणी. वरचा डावा कोपरा दुमडलेला.
क्र. ७. मधोमध डाग.
विचारते, हा डाग की चित्र?
त्या चष्मा कपाळावर सारतात, वाकतात,
इतका वेळ बघतात की मला वाटतं, विसरल्या.
"आधी डागच होता. मग मी त्याच्या शेजारी राहायला गेले."
लिहिते : मूळचा.

क्र. ११. काठाला केसाएवढी चीर.
"ती भट्टीनं घातली," जोआकिम म्हणतो, "पण लाव माझ्याच नावावर."
मूळची.

सुतारानं पाणसळ लावली. बुडबुडा बरोबर मध्ये,
आणि चित्र तिरकं.
इमारतच समुद्राकडे कललेली, शंभरेक वर्षं हळूहळू.
सुतार बुडबुड्याकडे बोट दाखवत राहिला.
"चौतीस वर्षं पाण्याचं ऐकलं," कुमुदबाई म्हणाल्या,
"आज डोळ्याचं ऐका."
मग सगळी भिंत खोटी लावली, आणि ती सरळ दिसली.

उद्घाटनाचं काय सांगू. माणसं आली, काजू संपले.

चौथ्या दिवशी दुपारी कुणीच नव्हतं. एसी बंद पडलेला.
टिण्‌.
उठले. सगळी पोरं जागच्या जागी.
पुन्हा, अकराच्या आतून : टिण्‌.
फोन लावला. जोआकिमच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.
"झिलई ताण खाते गं. माती आणि काच
एका वेगानं थंड होत नाहीत. चालतं असं कधी महिनोन्‌महिने.
तुटतंय असं नाही."
मग काय होतंय, हे विचारायच्या आत
त्याला कुणीतरी हाक मारली.

संध्याकाळी कुमुदबाईंना सांगितलं.
त्यांनी स्टूल ओढलं, यंत्राचा कान अकराकडे केला
आणि बसल्या. मांडीवर किमतींची यादी, पालथी.
मी दिवे मालवायला गेले तेव्हा तिच्यावर नऊ रेघा होत्या.
दोन अगदी चिकटून. मग चार बोटं काहीच नाही.
मग एक, कागदाच्या पार कडेला,
जणू तिला ऐकूच आलं होतं की पुढे जागा नाही.

आज खोकी परत जातायत.
'जाताना' या रकान्यात दोनच पर्याय छापलेत :
होती तशी. बदल.
अकरा हातात घेते. चीर काठावरून उतरून
पोटापर्यंत आलीय, निळ्यातून, कुठेही न चुकता.
टेम्पोवाला खालून हॉर्न देतोय.
दोन्ही पर्याय खोडते, बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिते :
चालू आहे.

ती यादी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. किमती वर करून ठेवलीय,
अंगठीच्या खाली.
तीन आठवडे झाले.
बोटावरची रेघ आता उन्हातच दिसते.